गांडुळांसह दोन वाफे

मी, रंभा काशिराम घरत, वय ७३, राहणार कर्नाळ्याच्या रस्त्यालगत, पनवेल, हे कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने शेण किती दिवस मुरवायचं यावर माझ्याशी वाद घालून बघावा.

१. घर मुलगा प्रितम यास. तो खारघरला चौदाव्या मजल्यावर राहतो आणि माझ्या खताला नाक दाबतो. त्याच्या बाल्कनीतला मोगरा त्याच खतावर फुलतो, हे तो पाहुण्यांना सांगत नाही. अंगणात फरश्या बसवायच्या नाहीत.

२. पुतण्या बाळू यास फुटकी चाळण. त्याने माझ्या गांडूळखतात लाल माती मिसळून माझ्याच नावाने विकलं. आणखी मागितलं तर गोणपाटही देऊ नये.

३. शेडमधले दोन वाफे, गांडुळांसह, सून किशोरी हिस. ताजं शेण टाकू नये, उष्णतेने मरतात.

सगळे चकित होतील, म्हणून कारण लिहिते. चार वर्षांपूर्वी एका वाफ्यातली सगळी गांडुळं मेली, खाऱ्या बांगड्याच्या धुवणाने. किशोरीने मुद्दाम ओतलं, असं मी गावभर सांगितलं आणि तिला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. ओतलं तिनेच. पण तिने आधी मला विचारलं होतं. आमच्याकडे मासळीचं पाणी झाडांना घालतात, मी ताज्या मासळीचं समजले आणि टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "वत वाफ्यात." चूक माझी. हे कलम तिनेच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं.

४. साक्षीदारांविषयी. ठरलेली एक व्यक्ती आज आली नाही. किशोरी नेहमीप्रमाणे माझ्या गोळ्या घेऊन फाटकाशी उभी होती. वकिलांनी, ती कोण हे ठाऊक नसल्याने, तिला सहीसाठी आत बोलावलं. चार वर्षांनी ती अंगणात आली. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनीच मला सांगितलेलं. म्हणून मी नको म्हटलं.

"आई, माझी सही पण नको तुमाला?" तिने विचारलं.

"नाय," मी म्हटलं.

तिने पेन ठेवलं, गोळ्या ठेवल्या आणि गेली. तिला वाटलं, जुनाच राग. खरं कारण तिला इथेच वाचायला मिळेल. जिवंतपणी माझ्या तोंडून निघणार नाही.

(सही) रंभा काशिराम घरत

रंभाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. सुशांत गावंड
२. रुमाना तुंगेकर, शेजारीण, ऐनवेळी बोलावल्यावरून

पनवेल, दि. १८ जानेवारी २०२५