बाबांच्या कॉम्प्युटरमधला सेल

धाकट्या,

मी लॅबला निघाले. तू झोपला होतास, म्हणून लिहून ठेवते.

बाबांच्या कॉम्प्युटरमधला बटणाएवढा सेल तू गाडीच्या रिमोटसाठी काढलास. कॉम्प्युटर विजेवर चालतो, हे तुझं बरोबर. पण वीज गेली की बोर्डावरची सेटिंग्ज त्या सेलवरच टिकतात. काल वीज गेली आणि कॉम्प्युटर सगळं विसरला. वीज परत आल्यावर आपोआप सुरूच झाला नाही. घशाच्या ऑपरेशनपासून बाबांचा आवाज म्हणजे तोच. उठून बटण दाबणं त्यांना जमत नाही. तू पलीकडच्याच खोलीत रुसून बसला होतास, पण ते हाक मारणार कशी? मी येईपर्यंत तसेच बसून होते.

नवा सेल घातला आहे. वीज आली की आपोआप सुरू व्हायचं सेटिंग पुन्हा लावून सेव्ह केलं आहे. आता कृपा करून आत हात घालू नकोस.

सुरू झाल्यावर बाबांनी पहिलं वाक्य टाइप केलं आणि मशीनने ते आपल्या सपाट आवाजात वाचलं, "धाकटा अजून माझ्यावर चिडलाय का?"

मी म्हटलं, "त्यालाच विचारा."

चहा थर्मासमध्ये आहे. दोन कप घेऊन त्यांच्या खोलीत जा, आणि त्यांचं टाइप करून होईपर्यंत थांब. त्यांना वेळ लागतो.

— ताई