कोणी केलं?

प्रिय मुकेश,

हे पत्र चैत्या तुझ्या हातात देईल. घरात वाचू नकोस. मागे पेंढ्याच्या उडवीकडे जा आणि एकटाच वाच, कारण वाचताना तुझे ओठ हलतात आणि तुमच्या पाड्यात हल्ली सगळ्यांना सगळं ऐकू जातं. फोनवर पाठवलं असतं तर तू ते लगेच तुमच्या ग्रुपवर ढकललं असतंस आणि त्याचा अर्थ तुला फोनवर प्रार्थना सांगणाऱ्या त्या ब्रदरने समजावला असता. म्हणून कागद. आधी एवढंच सांगते, हिराकाकी माझ्याकडे आहे, डहाणूला. धड आहे, जेवते आहे. तिला शोधायला माणसं पाठवू नकोस. तिला तलासरीच्या नाक्यावर बसमध्ये कोणी बसवलं, तेही विचारू नकोस. त्या प्रश्नाबद्दल पुढे लिहिणारच आहे.

इकडे चिकूचा हंगाम जोरात आहे. वखारीत दिवसभर मोठा, मधला, बारीक असे ढीग लावायचे आणि डोळे मिटले तरी चिकूच दिसतात. काकी पहिल्याच दिवशी माझ्याबरोबर आली. मुकादम म्हणाला, म्हातारी काय करणार? दुपारपर्यंत तिच्या हातून एक मऊ पडलेलं फळ पेटीत गेलं नाही, तेव्हा त्यानेच तिच्यापुढे दुसरी पेटी आणून ठेवली. माझी रिया आता धरून धरून उभी राहते. नवीन दात आलेत आणि जे दिसेल त्याला चावते. तुझ्या शमुवेलपेक्षा ती थोडीच मोठी. हे लिहू की नको, याचा फार विचार केला. पण त्याचं नाव टाळून तुला पत्र लिहिणं मला जमणार नाही.

तो तापाने गेला तेव्हा मी तिथे नव्हते. पण मला ठाऊक आहे की काकी पहिल्या संध्याकाळपासून मुक्या, कासाच्या दवाखान्यात चल, कासाला चल म्हणत होती. जीपवाल्याला तिने अंगणात आणून उभंसुद्धा केलं होतं. आणि ब्रदरने सांगितलं होतं की पोराच्या उशाशी फोन ठेवा, माझी प्रार्थना चालू ठेवा, औषध म्हणजे अविश्वास. छातीतला कफ फोनला कसा कळणार, मुकेश? डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. एवढंच म्हणाले. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही.

सुरुवातीला तो माणूस चांगलाच वाटायचा, हे मी कबूल करते. मीही ऐकायचे. सकाळी चहा उकळेपर्यंत त्याची प्रार्थना, मग एखादं गाणं. आवाज कसा, अगदी जवळच्या माणसाचा. दारूवर बोलला, ते पटलं. बायकोला मारू नका म्हणाला, तेही पटलं. मग हळूहळू तो घराघरांतलं बोलायला लागला. बाबा शेताच्या राखणीला बसायचे तेव्हा आपल्याला काय सांगायचे, आठवतं? पाखरं हाकलायला डबा पुरतो, डुकराचं तसं नाही. डुकराची पहिली वाट एवढीशी असते, शेंडे जरा वाकलेले दिसतात, आणि आपण म्हणतो, वाऱ्याने वाकले असतील. तू तर माचावर झोपायचास आणि मार मी खायचे. तुझं शेत मी आता राखू शकत नाही. शेंडे वाकलेत, एवढंच ओरडून सांगू शकते.

आई गेली तेव्हा तू लहान होतास. अंगणात माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, कोणी केलं? भगताकडे तांदूळ न्या, तो दाणे बघून करणी करणाऱ्याचं नाव सांगेल. बाबा हलले नाहीत. मला विचारायचंच नाही, म्हणाले. लोक चिडले, पुष्कळ दिवस कोणी आपल्या चुलीतला विस्तवसुद्धा नेला नाही. बाबांनी तेव्हा तांदूळ दिले असते तर कोणाचं नाव निघालं असतं? घरात विधवा बाई एकच होती, काकी, जिने पुढे आपल्या दोघांना भरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. पण मला वाटतं, बाबा ख्रिस्ती त्या दिवशीच झाले. आपण भगत सोडला, गंडेदोरे सोडले. तो प्रश्न मात्र कुठेतरी आढ्याला लटकत राहिला असणार, कारण आता तो बायबल काखेत मारून तुझ्या अंगणात आला आहे. फक्त तांदळाच्या जागी फोन आहे आणि चेटकीण-भुताळीच्या जागी नवा शब्द आहे, दार. तुझ्या घरात कोणीतरी दार आहे म्हणे, त्यातून अंधार येतो. ते बंद करायचं.

काकी आली तेव्हा तिचं गाठोडं तारेने बांधलेलं होतं. सेंट्रिंगची तार, बांधकामात लोखंडी सळया बांधतात ती. मी विचारलं, ही कुठली? म्हणाली, झोपडीची कडी सकाळी बाहेरून बांधलेली होती, पोरांनी मस्करी केली असंल. शेजारणीला हाका मारल्या, ती ऐकून आत गेली. मग दुसरं कोणीतरी आलं आणि सोडवलं. मी ती तार हातात घेऊन पाहिली. तुला ठाऊक आहे मी काय पाहिलं ते. सगळे गडी पीळ उजवीकडे देतात. डावखुऱ्याचा पीळ उलटा पडतो, आणि पाड्यात सेंट्रिंगवर जाणारा डावखुरा एकच आहे. मोरीत जाऊन रडले.

मला तुझा राग येतो आणि दयाही. एक उत्तर तुझ्या आत बसलेलं आहे आणि ते तुला खातंय, म्हणून तू ते दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर ठेवायला निघालास. जीप परत कोणी पाठवली, हे मी विचारणार नाही. ऐक नीट, तुलाही मी तो प्रश्न विचारणार नाही. पण रविवारी ब्रदर स्वतः येतोय, गड्यांनी उपास धरायचा, बायकांनी पोरं घेऊन घरात राहायचं, असं ठरलंय ना? प्रार्थनेला बायका आणि पोरं का नकोत, मुकेश? हा एकच प्रश्न तू त्याला विचार. जमलं तर सगळ्यांसमोर विचार.

आता खरं सांगते. तुला शहाणपण शिकवायला हे पत्र लिहिलं नाही. परवा त्या ग्रुपवरून त्याचा आवाज मलाही आला. दार पळून गेलंय, म्हणाला, ज्या घरात शिरलंय तिथल्या लेकराला जपा. ऐकता ऐकता बंद करावासा वाटला, तरी मी शेवटपर्यंत ऐकला. संध्याकाळी वखारीतून आले, तर रिया काकीच्या मांडीवर झोपलेली, काकी तिच्या पाठीला तेल चोळत होती. आणि मी, जिला काकीने भरवलं ती मी, धावत गेले आणि पोर हिसकावून घेतलं. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि हात पदराला पुसले. पुसतच राहिली. मला त्या क्षणी कळलं की तो माझ्याही आत शिरलाय, मग तुझ्या आत तर कधीचा घर करून बसला असेल. मी प्रार्थना केली, शब्द सुचले नाहीत, नुसतं नको नको म्हणत राहिले. मग रियाला परत तिच्या मांडीवर ठेवलं. भीती गेली नव्हती, तरी ठेवलं. रविवारच्या आधी तू ये. एकटा ये, तिच्या समोर बैस, तिच्या हातचं जेव, भीती वाटली तरी जेव. त्याशिवाय हे जाणार नाही. आणि आणखी एक. काल मी ती तार फेकायला उचलली, तर काकीने माझ्या हातून काढून घेतली. म्हणाली, राहू दे गं, आपल्या मुक्याच्या हातची हाय.

वाट पाहते आहे,
तुझीच,
संगीताई