कोळंबीची ओळ

सोमवार, ३ मार्च

कारखान्यात नव्या लेबलांचे रोल आले! आमच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांतली भुकटी आता कोळंबीच्या टरफलांपासून बनते. आधीची मक्याची होती, ती महाग पडते म्हणे. म्हणून नियमाप्रमाणे नव्या लेबलावर ठळक ओळ — 'कोळंबी, खेकड्याची अ‍ॅलर्जी असल्यास घेऊ नये.' पण मशीनवर अजून जुनाच रोल! आत नवी गोळी, बाहेर जुनं लेबल.

मालक म्हणाले, "आधी जुना रोल संपवा. कागद काय फुकट येतो?"

मंगळवार

सासूबाईंचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे येतोय. नणंदेकडे चुकून कोळंबीचा घास पोटात गेला होता. ओठ टम्म सुजले, घसा आवळत गेला, डोळे पांढरे! अशी किती माणसं असतील. बिचारी लेबल वाचून गोळी गिळणार — आणि लेबल तपासल्याची सही माझी!

बुधवार

यांना सांगायला लागले, तर पुरतं ऐकूनही न घेता म्हणाले, "नोकरी सांभाळ गं, नसती लफडी नकोत." दूध दोनदा उतू गेलं.

गुरुवार

नाही केली सही! मालकांच्या केबिनमध्ये जाऊन तसं सांगितलं. वाटलं, आता नारळ मिळणार. तर मालक चक्क हसले! "बरं बाई, तुमचंच खरं. यातली एकही बाटली दुकानात जाणार नाही." जीव भांड्यात पडला.

मशीनवाला म्हणतो, "ताई, वाघीण निघालात की!" कसली वाघीण! इतक्या गोडीत कसे ऐकले ते?

शुक्रवार

ऑफिसातल्या बाईंनी सगळ्यांचे घरचे पत्ते पुन्हा मागून घेतले. कशाला, विचारलं तर गालातल्या गालात हसल्या. काढून टाकतायत की काय मला?

शनिवार

दवाखान्याच्या बाकावर. सासूबाई आत आहेत.

दुपारी मी कामावर असताना मालकांची भेट घरी आली. कामगारांच्या घरच्यांसाठी — त्याच बाटल्या! दुकानात नाहीच गेल्या. सासूबाईंनी चष्मा लावून लेबल वाचलं, यांच्याकडूनही वाचून घेतलं, मगच गोळी घेतली. मीच लावलेली सवय!

डॉक्टरांनीही बाटली फिरवून फिरवून वाचली. म्हणाले, "यात तर कोळंबी नाहीये."

"आहे!" मी किंचाळले. "आहे हो डॉक्टर, लेबल खोटं आहे!"

ते आत धावले. दार अजून बंदच आहे.