उन्हाळ्यात बंद ठेवलेला पंप

प्रिय दादा,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, एवढंच. तू सासुरवाडीला मजेत असशील. इथे शेजारच्या काकूंचा फोन आला म्हणून मी धावत आले, तर तुझ्या घरात फरशीचा गारठा मोज्यांतूनही झोंबत होता. आई दोन स्वेटर, शाल आणि वर तुझा जुना कोट घालून पलंगावर बसली होती. फोनवर मात्र रोज मला सांगायची, घर कसं छान उबदार आहे गं.

अंगणात मी खोल बोअर पाडून पाइप सोडले, तेव्हा तू कमरेवर हात ठेवून मुकादमासारखा उभा होतास. किती वेळा समजावलं तुला, की उन्हाळ्यात घरातली उष्णता जमिनीत सोडायची आणि हिवाळ्यात हीट पंपाने तीच वर काढायची. जमीन ती धरून ठेवते, पण आधी आपण द्यायला तर हवी! तू मान डोलावलीस. आणि दर उन्हाळ्यात पंप बंद. का, तर दुपारच्या झोपेत त्याची घरघर ऐकू येते, आणि खिडक्या उघडल्या की भागतं म्हणे. हिवाळा आला की मात्र बटण दाबून मोकळा. आत काही घालायचं नाही, नुसतं उपसत राहायचं. आज बोअरचं तापमान पाहिलं. जमीन पार गारठून गेलीय. वर मामाला सांगितलंस, धाकटीने नसतं खूळ घरात आणलं!

माझ्या कामाला खुशाल नावं ठेव. पण भिंतीपलीकडची घरघर ऐकू येणाऱ्या तुला आईचा खोकला ऐकू आला नाही? माझा नुसता संताप संताप होतोय. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, अशा थंडीत एक दिवसही ठेवू नका. मला का नाही सांगितलंस, असं तिला विचारलं, तर म्हणे तुम्ही दोघं भांडाल. लहानपणी तू फोडलेल्या बरण्याही तिने अशाच स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या.

तू परत येशील तेव्हा ती इथे नसेल, म्हणून हे लिहितेय. तिला माझ्याकडे घेऊन चाललेय, कायमची. न्यायला येऊ नकोस. गाडी दारात उभी आहे, आणि निघता निघता तिने मला काय सांगावं? सकाळी मी तिच्यासाठी आणलेला हीटर दादाच्या खोलीत ठेव, त्याला थंडी सोसत नाही. ठेवलाय.

नाइलाजाने का होईना, तुझीच
धाकटी