म्हशाच्या आखाड्यात टेकलेली पाठ

आबा, साठ सालानंतरचे दिवस होते. मी विद्यापीठात शिकायला मुंबईला गेलो होतो आणि तुम्ही किन्हवलीभर सांगत फिरायचात, की पोरगा तिथंही तालीम सोडायचा नाही. तालीम मी पहिल्याच महिन्यात सोडली होती. विद्यापीठाच्या क्लबात एक जपानी विद्यार्थी आयकिडो नावाची त्यांच्याकडची झटापटीची विद्या शिकवायचा, तिथं मी नाव घातलं होतं. दोन महिने त्यानं नुसतं पडायलाच शिकवलं. खांद्यावरून लोळायचं, पाठ जमिनीला लावायची आणि त्याच झोकात उभं राहायचं. तुमची पाठ पंचक्रोशीत कुणी मातीला लावली नव्हती, आणि मी तुमचा मुलगा दिवसातून पन्नासदा आपण होऊन ती टेकवत होतो. मला ते भारी आवडत होतं. तुम्हाला सांगायची मात्र छाती होत नव्हती.

म्हशाच्या जत्रेला गावी आलो, तर तुम्ही मला न विचारताच कुस्तीला माझी जोड लावलीत. मुरबाडकडच्या गड्यानं हिसका दिला, मी खांद्यावरून लोळलो आणि उठून उभाही राहिलो. अंगावर ओरखडा नाही. पण पाठ लागली म्हणजे चीत, पंचांनी त्याचा हात वर केला आणि लोक खो खो हसले. परतताना बैलगाडीत तुम्ही पुढं बसून बैल हाकत होतात. आता काही खरं नाही, असं मनाशी म्हणत मी मागं बसून होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात तुम्ही विचारलंत, "लागला नाय ना रे तुला?"

"नाय."

"मंग पडलास कसा? दाव बघू."

मी क्लबाचं सगळं सांगून टाकलं, सवयीनं लोळलो म्हणालो आणि पेंढ्यावर लोळून दाखवलं. तुम्ही धोतर खोचलंत, अधू गुडघा सांभाळत स्वतः लोळलात आणि आईला हाक मारलीत, "गो, ये बघ, मी चीत झालो!" तुम्ही हसत होतात. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथंच पेंढ्यात बसून रडलो. पुन्हा कधी तुम्ही माझी जोड लावली नाहीत.

हे पत्र कुठं पाठवणार? तरी लिहितो. सवयीनं लोळलो हे खोटं होतं, आबा. तो हिसका मला सहज पेलला असता. आखाड्यातून एकदाचं सुटावं म्हणून मी पाठ टेकवली. आणि तुम्ही जन्माचे पैलवान, तुम्हाला ते तिथंच दिसलं असणार, हे मात्र मला आज लिहिताना कळतंय.