दुसऱ्या दिव्याचा वाटा

सालेलोलोगा, सामोआ

माझ्या प्रिय सेफिना,

अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आलंय, तरी वाच. काल मी शाळेत जाऊन आले, या वयात! तुझा विज्ञानाचा पेपर डोक्यातून जाईना. बॅटरीला एकापुढे एक असे दोन सारखे दिवे जोडले तर जास्त कुठला उजळेल? तू लिहिलंस, पहिला. तो आधी जेवतो, दुसऱ्याला उरलंसुरलं. वर्ग हसला म्हणून तू फोनवर रडलीस. मला तर तुझंच बरोबर वाटलं. मोठे जेवतात तेव्हा पोरं माशा वारतात, मग पोरं जेवतात. विजेची रीत काय वेगळी असणार?

इथल्या मासिनाबाईंनी टेबलावर दिवे लावून दाखवले. दोन्ही सारखे. मी म्हटलं, दुसरा मुळात दणकट असेल, जागा बदला. बदलल्या, तरी सारखेच. जेवढी वीज एकातून जाते तेवढीच दुसऱ्यातून, आणि तेवढीच फिरून बॅटरीकडे येते म्हणे. वाटेत कुणी खात नाही. मी इतकी खूश झाले की बाईंना दोन नीरफणस देऊन आले. आजोबा असते तर म्हणाले असते, म्हातारीला आता वीज कंपनीत घ्या.

पण निघताना बाई म्हणाल्या, "मुलं अशी चूक उगाच करत नाहीत, आजी. कुठंतरी पाहिलेलं असतं."

तेव्हापासून हसू गेलंय. फोनवर मी थट्टेने विचारलं होतं, दुसऱ्याला उरतं तरी किती गं? तू पटकन म्हणालीस, "नुसता रस्सा, आजी." दिव्याला कसला रस्सा? मागून जेवणाऱ्यांसाठी मोठ्यांनी ठेवायचं असतं. मी ताटात माशाचा मधला तुकडा ठेवूनच उठते. फुआतिनो माझी लेक, तुझी सख्खी आत्या, हे तिलाही शिकवलं होतं. म्हणून तर निर्धास्तपणे तुला शिकायला आपियाला तिच्याकडे धाडलं. परवाच्या फोटोत तुझ्या गळ्याची हाडं दिसली, मी म्हटलं, उंची वाढत असेल.

शनिवारच्या बोटीने मी येतेय. आत्याला बोलू नकोस. त्या घरात मी सगळ्यांत मोठी; मी घास घेतल्याशिवाय कुणाला जेवता येणार नाही, आणि तू ताट घेऊन माझ्या शेजारी बसेपर्यंत मी घास घेणार नाही. बसू देत सगळे ताटकळत.

तुझीच, वाटेला लागलेली,
आजी