दिव्याखालचा पाय

४ मार्च, मंगळवार
आज दवाखान्यात पहिल्यांदा दिव्याखाली पाय ठेवला. घोट्यावरची ही जखम सहा वर्षांची—पेल्याच्या तोंडाएवढी! सिकलसेलच्या रक्ताला जखम भरायची अक्कलच नाही. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, आता लाल उजेड. काळा चष्मा लावून आठ मिनिटं बसायचं. दिवेवाली बाई बोलकी आहे. जखमेवर पारदर्शक कागद धरून तिने पेनाने कड गिरवली. म्हणाली, हा तुमच्या जखमेचा नकाशा, दर मंगळवारी नवा काढू.

९ मार्च, रविवार
दादाचा फोन. हा फोन आठवड्यातून एकदाच वाजतो आणि पहिला प्रश्न ठरलेला—पाय कसा आहे? त्यालाही सिकलसेल, पण जखमेने मलाच गाठलं. आज खोदून खोदून विचारत होता. उजेडाचा चटका बसतो का, पाणी कमी झालं का, वास येतो का? बरं वाटलं. वहिनी गेल्यापासून त्याचं बोलणं आटलंय. माझा पाय सोडला तर आम्हाला दुसरा विषय नाही.

२४ जून, मंगळवार
जखम शर्टाच्या बटणाएवढी! दिवेवालीने सगळे नकाशे एकावर एक ठेवून दाखवले. हसत घरी आले. कुलूप काढलं आणि सांगायला कोणीच नाही. चहा केला, सवयीने एकच कप.

२९ जून, रविवार
दादाला म्हटलं, "तशीच आहे रे." तोंडातून निघून गेलं. बरी झाले तर तो फोन कशाला करेल?
म्हणाला, मग दिव्याचाही उपयोग नाही म्हणायचा. आवाज पडला होता त्याचा. माझ्यासाठी एवढा जीव तुटतो! खोटं बोलल्याची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुखही वाटलं.

६ जुलै
पुन्हा "तशीच."

२२ जुलै, मंगळवार
भरली. वर कोवळी गुलाबी कातडी. दिवेवालीने कोरा कागदच हातात दिला, गिरवायला काही उरलं नव्हतं. आता एकदम महिन्याने जायचं. म्हणजे मंगळवारही गेले.

२७ जुलै, रविवार
सांगून टाकलं. भरली दादा, जूनमध्येच भरत आली होती.
मग म्हणाला, "मलाही जखम झालीय गं. दीड वर्ष झालं. तुला गुण येतो का, तेच बघत होतो."
म्हटलं, उद्याच नीघ. बाहेरच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलंय. परवा मंगळवार.